खाज घरात किती जणांना आहे?

परंडा तालुक्यातलं सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवळामुळे, चैत्रातल्या यात्रेमुळे आणि गावात निर्धास्त वावरणाऱ्या माकडांमुळे धाराशिव जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहे. या भागाची आणखी एक ओळख आहे, ती ऊसतोडीची. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून दिवाळीच्या आगेमागे मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, वाकळा, शेळ्या आणि लेकरं चढतात. पुढचे चार-सहा महिने फडाजवळच्या कोपीत जातात. काही टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, काही जवळपासच्या कारखान्यांवर थांबतात. खुद्द सोनारीतही साखर कारखाना आहे. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि वरून प्लॅस्टिकचा कागद. आत एकाच अंथरुणावर नवरा-बायको आणि दोन-तीन मुलं झोपतात. ऐन थंडीचे दिवस असतात, पांघरुणं मोजकी असतात आणि आंघोळीचं पाणी त्याहून मोजकं.

खरूज पसरायला एवढं पुरेसं आहे. तरीही खरूज वेळेवर ओळखली जातेच असं नाही. ती दुर्मीळ आहे म्हणून नव्हे. पाठ्यपुस्तकातल्या चित्राप्रमाणे ती प्रत्येकाच्या अंगावर उमटत नाही, म्हणून ती निसटते.

ते चित्र साधारण सगळ्यांना माहीत असतं. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेला बारीक पुटकुळ्या येतात आणि रात्री अंथरुणात शिरलं की खाज वाढते. ज्या किड्यामुळे हे होतं, त्याची मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब असते. तीक्ष्ण नजरेच्या माणसाला ती फार तर पांढऱ्या ठिपक्याएवढी दिसेल. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या, मृत थरात बोगदा कोरते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दोन महिने तिथेच जगते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. बाहेरून हा बोगदा करड्या रंगाच्या नागमोडी रेघेसारखा दिसतो, काही मिलिमीटर लांब. त्यावर शाईच्या पेनाने घासून कापसाने पुसलं, तर शाई बोगद्यात उतरते आणि रेघ स्पष्ट होते. या तपासणीला ना वीज लागते ना यंत्र, आणि ती कोपीच्या दारात बसूनही करता येते.

या किड्याची कथा वैद्यकाच्या इतिहासात फार लांबली. इटलीत १६८७ साली जोव्हान्नी कोसिमो बोनोमो याने, चेस्तोनी या औषधविक्रेत्याच्या साथीने, खरजेच्या पुटकुळ्यांतून काढलेला किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याचं चित्र काढलं आणि खरूज याच्यामुळेच होते असं लिहिलं. मोठमोठ्या वैद्यांनी ते मनावर घेतलं नाही. रक्त बिघडलं, दोष वाढले, अशीच कारणं पुढची दीडशे वर्षं सांगितली गेली. अखेर १८३४ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुच्ची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर सुईच्या टोकाने किडा काढून दाखवला. त्याच्या बेटावरच्या गरीब बायका हे काम नेहमीच करत असत आणि त्यांना पाहूनच तो शिकला होता. पंडित पुटकुळीत किडा शोधत होते. त्या बायकांना ठाऊक होतं, की किडा पुटकुळीत नसतो, पुटकुळीपासून निघालेल्या रेघेच्या टोकाला असतो.

पुटकुळी आणि किडा एका जागी का नसतात, यातच खरजेच्या बदलत्या रूपांचं कारण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्यात आणि शहरांत खरूज फार वाढली, तेव्हा केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने शेफील्डमध्ये स्वयंसेवकांवर प्रयोग केले. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेली ही तरुण मंडळी होती. आजारी सैनिकांनी वापरलेली, न धुतलेली पांघरुणं आणि कपडे वापरूनही त्यांच्यापैकी फार थोड्यांना खरूज झाली. रुग्णाशेजारी एका अंथरुणात झोपल्यावर मात्र झाली. मेलनबीने शेकडो रुग्णांच्या अंगावरचे किडे एकेक करून मोजले. सरासरी निघाली अकराच्या आसपास. अंगभर हजार पुटकुळ्या असलेल्या माणसाच्या कातडीत प्रौढ माद्या एवढ्याच, आणि त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश हातांवर आणि मनगटांवर.

मग बाकीचं पुरळ कशाचं? ते आपल्या शरीराचं उत्तर आहे. किड्याची विष्ठा, लाळ, अंडी यांची ॲलर्जी होते आणि ती किडा नसलेल्या जागीही अंगभर उठते. हे उत्तर तयार व्हायला वेळ लागतो. आयुष्यात पहिल्यांदा खरूज झालेल्या माणसाला तीन ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही, पण तेवढ्या काळात तो दुसऱ्यांना ती देऊ शकतो. आधी होऊन गेलेली असेल, तर एक ते तीन दिवसांत खाज सुटते. टोळी निघताना ठणठणीत दिसणारा पोरगा आठव्या आठवड्यात सगळ्या कोपीला खाजवायला लावतो तो असा. दोष नव्या जागेच्या पाण्याला दिला जातो.

किडा सगळीकडे सारखाच आहे. अंगावर काय उमटायचं हे शरीर ठरवतं. म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती बदलली, की खरजेचं रूपही बदलतं.

तान्ह्या बाळापासून सुरुवात करू. मोठ्यांची खरूज मानेच्या वर सहसा जात नाही, बाळाची जाते. टाळू, चेहरा, मान, तळहात आणि तळपाय यांवर फोड येतात, कधी पाण्याने तर कधी पुवाने भरलेले. बाळाला नीट खाजवता येत नाही. ते किरकिरतं, दूध अर्धवट सोडतं, रात्रभर झोपत नाही आणि दोन्ही पावलं एकमेकांवर घासत राहतं. घरात उष्णता, दात येणं, दृष्ट अशी कारणं निघतात. दवाखान्यात कधी इसब म्हटलं जातं, कधी साधा जंतुसंसर्ग. बाळाच्या तळपायावर फोड दिसले, तर ज्या मांडीवर ते झोपतं त्या आईची मनगटं आणि स्तनाग्रांभोवतीची कातडी तपासणं हा निदानाचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. उपचारातही हा फरक पाळावा लागतो. मोठ्यांना औषध मानेपासून पायाच्या नखापर्यंत लावतात. बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने डोकं आणि चेहराही घ्यावा लागतो, फक्त डोळे आणि तोंड सांभाळून. नाहीतर किडा टाळूवर टिकतो आणि महिन्याभरात पुन्हा अंगभर पसरतो.

दुसऱ्या टोकाला म्हातारी माणसं आहेत. वयाबरोबर प्रतिकार मंदावतो, पुरळ कमी उठतं, नुसती खाज राहते. तिला कोरडी कातडी, साखर, लिव्हर असं काहीबाही म्हटलं जातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ सतत गादीला टेकलेली असते, म्हणून त्याच्या पाठीवर खरूज दिसते. तिथे ती शोधायचं कुणाच्या मनात येत नाही. काही वृद्धांना मोठाले पाणीदार फोड येतात आणि ते पेम्फिगॉइड या वेगळ्या आजाराशी इतके जुळतात, की त्वचेचा तुकडा तपासूनही गफलत होऊ शकते. फोडांवर स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होतात आणि किड्याला मोकळं रान मिळतं.

प्रतिकारशक्ती फारच खाली गेली, की खरजेचा सगळ्यात दगाबाज प्रकार दिसतो. १८४८ साली डॅनियलसन आणि बोक या नॉर्वेच्या डॉक्टरांनी कुष्ठरुग्णांमध्ये तो नोंदवला. हात, कोपरे, गुडघे, टाळू आणि कानांवर करड्या-पिवळ्या जाड खपल्यांचे थर चढतात, नखं जाड होऊन खालून भुसा धरतात. नेहमीच्या रुग्णात दहा-पंधरा माद्या असतात, इथे हजारो, कधी लाखो किडे असतात. आणि खाज जवळजवळ नसते. कुष्ठरोगात कातडी बधिर झालेली असते. एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं किंवा स्टेरॉइड यांमुळे शरीर उत्तर द्यायचंच थांबलेलं असतं. अर्धांगवायू झालेल्याला खाजवायला हात उचलत नाही. खाजत नाही म्हणजे खरूज नाही, या समजुतीला हा रुग्ण थेट खोटं पाडतो. बघणारा त्याला सोरायसिस म्हणतो, बुरशी म्हणतो. महिन्याभराने त्याची उशी बदलणारी सून, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण आणि वॉर्डातली परिचारिका खाजवू लागतात. कुष्ठरोगाच्या कामाची मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात, आनंदवनापासून लहान-मोठ्या वसाहतींपर्यंत वयस्क, बधिर हातापायांची माणसं आजही राहतात. त्यांच्या जाड झालेल्या कातडीकडे जुन्या दुखण्याचा अवशेष म्हणून पाहून पुढे जाणं परवडणारं नाही.

हे झालं वयाचं आणि आजारांचं. पण आपल्याकडे खरजेचं रूप सर्वांत जास्त बिघडवलं आहे ते मेडिकलच्या काउंटरवर मिळणाऱ्या मलमांनी.

खाज आली की दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब’ मागायची, ही गावोगावची रीत आहे. मिळते त्या ट्यूबमध्ये अनेकदा एक तीव्र स्टेरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक एकत्र असतं. दोन दिवसांत लाली उतरते, खाज निम्म्यावर येते आणि माणूस खूश होतो. किड्याला काहीच झालेलं नसतं. शरीराचं उत्तर तेवढं दाबलं गेलेलं असतं, म्हणजे डॉक्टरला जी खूण बघायची तीच पुसली गेलेली असते. ट्यूब थांबवली की पुरळ उसळतं, ते अंगाच्या भलत्याच भागांवर, वेड्यावाकड्या आकारात. मांड्यांवर, जांघेत, चेहऱ्यावर. वरून कातडी पातळ होते, लालसर रेषा उमटतात. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर गजकर्णाची चिवट साथ आहे आणि तिच्या मुळाशीही ही ट्यूब आहेच. त्यामुळे आता उलटी चूक होते. जांघेतली प्रत्येक खाज गजकर्ण ठरते. गजकर्णाला उंचावलेल्या कडेचं कडं असतं आणि मधला भाग निवळत जातो. खरजेला कडं नसतं, सुट्या पुटकुळ्या असतात. पण स्टेरॉइड लावल्यावर कड्याचीही रया जाते. मग कातडीकडे बघून काही कळत नाही, खाज घरात किती जणांना आहे हे विचारूनच कळतं. सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. त्वचारोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना त्यासाठी बरीच वर्षं झगडत होती. नियम आहे, पण चिठ्ठी न मागणारी दुकानंही आहेत आणि हे राज्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावाला माहीत आहे.

आणखी दोन फसवी रूपं सांगायला हवीत, कारण दोन्ही वेळा चूक उपचार झाल्यानंतर होते. काख, जांघ आणि पुरुषांच्या जननेंद्रियावर काही जणांना वाटाण्याएवढ्या लालसर-तपकिरी गाठी येतात. किडे मेल्यावरही त्या काही महिने राहतात आणि खाजतात. ती नुसती उरलेली ॲलर्जी असते. पण माणूस घाबरून पुन्हा पुन्हा औषध चोपडतो आणि लाजेने कुणाला दाखवतही नाही. दुसरं रूप लहान मुलांत दिसतं. खाजवून खाजवून जखमा पिकतात, वर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात आणि खालची खरूज झाकली जाते. गावात याला ओली खरूज म्हणतात आणि तिच्याकडे दुर्लक्ष करायला नको. या जखमांत स्ट्रेप्टोकोकस जंतू वाढले, तर काही आठवड्यांनी मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. सकाळी मुलाचे डोळे आणि चेहरा सुजलेला दिसतो, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. अशा मुलाला लगेच दवाखान्यात न्यायला हवं, आणि तिथे लघवी तपासताना कुणीतरी त्याच्या बोटांची बेचकीही उघडून बघायला हवी.

धाराशिव जिल्ह्याचं जुनं नाव देशभर नेणारी उस्मानाबादी शेळी इथे वेगळ्याच कारणाने आठवते. शेळ्यांनाही खरूज होते. त्यांच्या तोंडाभोवती, कानांवर कातडी जाड आणि खडबडीत होते, केस झडतात. करडू कडेवर घेणाऱ्या पोरीच्या किंवा शेळीला मांड्यांत धरून औषध पाजणाऱ्या माणसाच्या पोटावर, छातीवर, हाताच्या आतल्या बाजूला लाल पुटकुळ्या उठतात. नेमका जिथे जनावराचा स्पर्श होतो तिथे. बोटांची बेचकी मोकळी असते, बोगद्याची रेघ कुठेच सापडत नाही. लूत लागलेल्या कुत्र्याच्या पिलाला उचलणाऱ्या मुलांचंही हेच. हा किडा त्याच जातीचा असला, तरी जनावरावर पोसलेला असतो आणि माणसाच्या कातडीत त्याला वंश वाढवता येत नाही. जनावरावर उपचार केले आणि संपर्क थांबला, की काही दिवसांत पुरळ आपोआप जातं. इथे माणसाला औषधांचा मारा करून शेळी तशीच ठेवली, तर त्रास संपत नाही. अशा वेळी खाज घरात कुणाकुणाला आहे हे विचारताना गोठ्यातल्या जनावरांचीही चौकशी करावी लागते.

चुकीच्या शरीरात शिरलेला परजीवी आणखी एका प्रकारे दिसतो. कुत्र्या-मांजरांच्या आतड्यातल्या अंकुशकृमीची अळी ओल्या वाळूत वाढते आणि माणसाच्या अनवाणी पायात घुसते. माणसाच्या कातडीखाली उतरायचं साधन तिच्याकडे नसतं, म्हणून ती वरच्या थरातच भरकटते. मागे लाल, उंचावलेली, वेटोळी रेघ उमटत जाते आणि ती रोज काही मिलिमीटर ते सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे सरकते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून परतलेल्याच्या तळपायावर अशी रेघ दिसली, तर ओळखायला सोपं. पण घराच्या बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर दिवसभर खेळणाऱ्या मुलाच्या कुल्ल्यावर किंवा ढिगाशेजारी उघड्या अंगाने झोपलेल्या मजुराच्या पाठीवर ती उमटली, तर समुद्राचा संबंधच नसतो. तिला ‘नागीण’ म्हणून झाडपाला बांधला जातो. खरी नागीण नसेच्या वाटेने, अंगाच्या एकाच बाजूला, गुच्छाने फोड घेऊन येते आणि दुखते. ही रेघ खाजते आणि सरकते. कालचं टोक पेनाने खुणावून ठेवलं, तर उद्या ते पुढे गेलेलं दिसतं.

अशीच पण फार झपाट्याने सरकणारी रेघ गुदद्वाराजवळ किंवा मांड्यांवर येऊन काही तासांत विरली, तर मात्र सावध व्हायला हवं. ती स्ट्राँगिलॉइडीस नावाच्या माणसाच्याच कृमीची अळी असते आणि तासाला पाच-दहा सेंटिमीटर पळते. हा कृमी आतड्यात वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतो. त्या माणसाला पुढे दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड दिलं गेलं, तर अळ्या सगळ्या शरीरात पसरून जिवावर बेततं. रेघ डॉक्टरकडे पोचेपर्यंत गेलेली असते. मोबाइलवर काढलेला फोटो इथे खरोखर उपयोगी पडतो.

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला कातडीतून बाहेर पडणारा परजीवी सांगायलाच नको. त्यांनी नारू पाहिला आहे. पायऱ्या उतरून आत शिरायच्या बारवा आणि पायविहिरी हे नारूचं घर होतं. नारू असलेला माणूस पाण्यात पाय बुडवी, फोड फुटून असंख्य अळ्या पाण्यात सुटत, त्या सायक्लॉप्स या पाण्यातल्या बारीक जिवाच्या पोटात वाढत आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात जात. सुमारे वर्षाने ६० ते १०० सेंटिमीटर लांबीची मादी घोट्याजवळ कातडी फोडून बाहेर येई. काडीला गुंडाळून ती रोज बोटभर ओढायची, ही शिक्षा ऐन पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत महिना-महिना चाले. पण नारू पायातच निघतो हेही पूर्ण खरं नव्हतं. पखालीतलं गळतं पाणी पाठीवर घेणाऱ्या भिस्त्यांच्या पाठीतून तो निघे. हात, स्तन, वृषण, क्वचित जिभेतूनही निघाल्याच्या नोंदी आहेत. कधी तो बाहेर पडतच नसे. आतच मरे, गळू होई किंवा चुन्याने कडक होऊन राही आणि वीस वर्षांनी दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत पांढऱ्या वेटोळ्याच्या रूपात दिसे. बाहेर पडण्याआधी काही तास अंगभर गांधी उठत, मळमळे, धाप लागे. नारू ठाऊक नसलेला डॉक्टर याला औषधाची ॲलर्जी म्हणून मोकळा होई.

भारताने नारूविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू केला. १९८४ साली सात राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण होते आणि महाराष्ट्र त्या सात राज्यांपैकी एक. औषध नव्हतं, लसही नव्हती. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून रुग्ण शोधत. पाणी कापडाने गाळायला शिकवलं गेलं, पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या गेल्या, हातपंप आले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकलं गेलं. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं. त्या मोहिमेत एकेका पायावर उपचार करून भागलं नसतं. एक पाय दिसला, की तो माणूस कुठल्या बारवेत उतरला आणि तिथून आणखी कोण पाणी भरतं, हे शोधलं जाई. खरजेबाबत आपण हा धडा अजून घेतलेला नाही.

काही खुणा खाजतच नाहीत म्हणून सुटतात. गवतातल्या चिगर माइटच्या अळीचा दंश असाच असतो. ताप येऊन आठवडा उलटतो. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइडच्या चाचण्या होतात आणि काखेत, जांघेत किंवा स्तनाखाली एक न दुखणारी काळी खपली, भोवती लालसर कडं, हे कुणीच पाहिलेलं नसतं. ही स्क्रब टायफसची खूण आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि परिसरात या आजाराने माणसं दगावली, तेव्हा महाराष्ट्राला त्याचं नाव ठळकपणे कळलं. डॉक्सिसायक्लिन हे साधं, स्वस्त औषध वेळेवर मिळालं तर रुग्ण बरा होतो. खपली एकच असते आणि ती कपड्यांखाली असते. बाईला सगळ्या अंगाची तपासणी संकोचाविना करून घेता यावी एवढी आडोशाची जागा आणि स्त्री कर्मचारी दवाखान्यात असणं, हा इथे थेट जीव वाचवण्याचा प्रश्न आहे.

परप्रांतातून आलेल्या कामगारांबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बिहार, झारखंडातून आलेल्या एखाद्या तरुणाच्या चेहऱ्यावर, अंगावर फिकट चट्टे आणि बारीक गाठी असतील, तर आपल्याकडे पहिलं निदान कुष्ठरोगाचं होतं. पण चट्ट्यांवर स्पर्श नीट कळत असेल आणि काही वर्षांपूर्वी त्याला काळा आजार होऊन गेला असेल, तर तो त्याच परजीवीचा उरलेला त्वचारोग असू शकतो. कोलकात्याच्या डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी तो १९२२ साली वर्णन केला. गाव विचारलं नाही, तर हे निदान सुचणारही नाही.

उलट बाजूचीही माणसं असतात. अंगात किडे वळवळताहेत अशी त्यांची ठाम खात्री असते आणि काडेपेटीत किंवा कागदाच्या पुडीत कातडीचे तुकडे, धागे, कण घालून ते पुरावा म्हणून आणतात. तपासणीत परजीवी सापडत नाही. हा मनाचा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. पण त्याआधी ती पुडी खरोखर उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवी. एक तर क्वचित तिच्यात खराच किडा निघतो, आणि दुसरं म्हणजे न बघता हसून परत पाठवलेला माणूस पुन्हा येत नाही. तो कातडीवर कीटकनाशक ओतून घेतो.

खरजेची औषधं आज सहज मिळतात. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम रात्री अंगभर लावून सकाळी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. गरोदर बायका आणि लहानग्यांसाठी गंधकाचं मलम हा जुना, खात्रीचा मार्ग डॉक्टर आजही वापरतात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनानुसार, सात ते चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा दिल्या जातात. १५ किलोंहून कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना त्या देत नाहीत. या औषधाच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ सालचं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. जगात कोणत्याही क्षणी सुमारे २० कोटी लोकांना ती असते.

फिजी बेटांवर २०१२-१३ मध्ये झालेला प्रयोग ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी फार कामाचा आहे. तिथे काही बेटांवर फक्त रुग्णांवर आणि त्यांच्या संपर्कातल्यांवर उपचार झाले. दुसरीकडे खाज असो वा नसो, सगळ्यांना औषध दिलं गेलं. सगळ्यांना आयव्हरमेक्टिन दिलेल्या गटात वर्षभराने खरजेचं प्रमाण साधारण ३२ टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या खाली आलं. टोळी हे तर बेटाहूनही सोपं काम. माणसं मोजकी, मुकादमाच्या यादीत नावं असलेली, एका जागी राहणारी. ज्यांना अजून खाज सुटलेली नाही त्यांच्यासकट कोपीतल्या सगळ्यांना एकाच रात्री मलम लावायचं, अंगावरचे कपडे आणि वाकळा गरम पाण्यात धुवून उन्हात घालायच्या. जे धुता येत नाही ते तीन दिवस पिशवीत बांधून ठेवलं तरी चालतं, कारण माणसाच्या अंगाबाहेर किडा त्याहून जास्त सहसा जगत नाही. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते, हे प्रत्येक आईला त्याच वेळी सांगायला हवं. नाहीतर चौथ्या दिवशी ती मेडिकलमध्ये जाऊन पुन्हा तीच ट्यूब मागेल. आणि आठव्या रात्रीचं दुसरं मलम पहिल्या रात्रीच घरात देऊन ठेवायला हवं, कारण तोवर टोळी पुढच्या फडावर गेलेली असू शकते.